पार्कवरची काळी माती

सोलापूरच्या पार्क मैदानावरची माती उन्हाळ्यात फुटते. एप्रिल उजाडला की भेगा पडायला लागतात. मे महिन्यात पारा चव्वेचाळिशीकडे सरकतो तेव्हा त्या भेगांत बोट जातं. मग वळवाची एखादी सर येते आणि तीच माती अशी फुगते की चप्पल रुतून बसते. पावसाळ्यात चिकट, हिवाळ्यात घट्ट, उन्हाळ्यात दगड. ही कापसाची माती. या मुलखात कापूस होता म्हणून इथं कापसाची पेठ झाली, १८६० च्या सुमाराला रेल्वे आली, मागोमाग गिरण्या आल्या. गिरण्यांमुळं माणसं आली आणि दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या त्या माणसांना संध्याकाळी मोकळ्यावर यावंसं वाटलं. शहराचा इतिहास सांगणारे बहुधा गिरणीच्या धुराड्यापाशी थांबतात. मला तिथून पुढं मैदानापर्यंत जायचं आहे. गिरण्या बंद पडल्या, मैदान अजून आहे.

कागदोपत्री त्याचं नाव इंदिरा गांधी स्टेडियम. महानगरपालिकेच्या मालकीचं. रिक्षावाल्यापासून कलेक्टर कचेरीतल्या शिपायापर्यंत सगळे त्याला पार्क म्हणतात. शेजारचा चौक पार्क चौक, खाण्याच्या गाड्या लागतात ती पार्क चौपाटी. चार पावलांवर चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर काही दिवस इंग्रजांच्या हातातून निसटलं, मग मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. शहराचा मधला भाग असा आहे की पाच-दहा मिनिटं चाललं तरी बहामनी काळातला भुईकोट, सिद्धरामेश्वरांचं तळं, होम मैदान, पुतळे आणि क्रिकेटची खेळपट्टी एवढं सगळं डोळ्यांखालून जातं. कुठल्याही मराठी शहराच्या ऐन मध्यावर इतकी मोकळी जागा सलग राहिलेली मी तरी पाहिलेली नाही.

ती का राहिली याचा मी पुष्कळ विचार केला आहे. होम मैदानापुरतं उत्तर सोपं आहे. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, आपली गड्ड्याची जत्रा. सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच्या उंच काठ्यांचे ध्वज पोटाशी तोलून चालवतात, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि संक्रांतीच्या रात्री होम पेटतो. त्या होमासाठी जागा रिकामी हवी. शतकानुशतकं ती रिकामी ठेवली गेली, कारण तिथं घर बांधायला कोणाचा हात धजला नसता. जत्रेचे पाळणे, मौत का कुआँ, मिरची भज्यांच्या कढया आणि धूळ महिनाभर राहतात, मग मैदान पुन्हा मोकळं. उरलेल्या दिवसांत तिथं पोरं खेळत आली. श्रद्धेनं राखलेल्या जागेवर खेळ वाढला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. खेळासाठी म्हणून कोणी एवढी जागा राखली असती का, याची मला शंका आहे.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथं किल्ल्यासमोरचं रान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळं ठेवलं होतं, त्यातून पुढं ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान उरलं. पण उरलेल्या जागेवर हक्क कोणाचा, यावरून तंटा व्हायचा तो झालाच. १८८० च्या दशकात पारशी आणि हिंदू पोरं तिथं क्रिकेट खेळायची, आणि त्याच जमिनीवर गोरे साहेब पोलोचे घोडे दौडवायचे. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, तीवर चेंडू कसाही उडायचा. खेळणाऱ्यांनी सरकारकडं अर्जांवर अर्ज केले. पुढं समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या, त्यामागं या अर्जांचा चिवटपणा आहे. मैदान एकाचं आणि ते नासवणारा दुसराच, हा प्रकार तेव्हापासूनचा आहे.

पोलोचे घोडे आमच्याकडं नव्हते. आमच्याकडं मांडव होते.

शाळेत मी खो-खो खेळायचे. आमच्या शाळेचं पटांगण बेताचं, म्हणून स्पर्धा जवळ आल्या की बाई आम्हाला पार्कवर न्यायच्या. तेव्हा हिरवळ वगैरे काही नव्हतं, सगळी काळी भुई. मध्ये क्रिकेटवाल्यांची पट्टी, तिच्यावर पाय ठेवायला बंदी, आणि आम्ही कडेला. फक्कीनं चौकोन आखायचा, दोन्ही टोकांना खांब रोवायचे, पाणी मारायचं आणि वाट बघायची. कुठल्याशा प्रदर्शनाचा किंवा सभेचा मांडव नुकताच उठलेला असला, तर आखणीच्या आधी एक काम असायचं. ओळीनं वाकून चालायचं आणि खिळे वेचायचे. खिळे, तारेचे तुकडे, बाटल्यांची झाकणं, सुतळीच्या गाठी. खांबांचे खड्डे तर जागोजाग. ते वरवर मातीनं बुजवलेले असायचे आणि पळताना पाय नेमका तिथंच मुरगळायचा. खो-खो आम्ही अनवाणीच खेळायचो. एकदा एका मैत्रिणीच्या टाचेत गंजका खिळा उभाच्या उभा घुसला. तिला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला नेलं आणि त्या वर्षीची स्पर्धा तिला पायऱ्यांवर बसून बघावी लागली. आमच्या संघातली सगळ्यात चपळ मुलगी होती ती. खांबाला हात लावून वळताना ती जमिनीला जवळजवळ टेकायची आणि तरी पडायची नाही. त्या खिळ्याचा राग मला आजही येतो.

पार्कच्या भोवती पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांखाली गाळे. खेळाच्या सामानाची दुकानं, खाणावळी, आणखी बरंच काही. म्हणजे मैदानाला पाठ करून शहराचा बाजार उभा आहे. बाहेरच्या फुटपाथवरून जाताना आत काय चाललंय ते दिसत नाही, फक्त मध्येच ओरडा ऐकू येतो आणि कळतं, कोणाची तरी दांडी उडाली. या ओरड्याचंही एक वैशिष्ट्य होतं. सोलापुरात चार भाषा घराघरांत आहेत. गिरण्यांच्या आणि मागांच्या निमित्तानं तेलंगणातून पद्मशाली आले, कानडी तर इथलेच, उर्दू-दखनी बोलणारे इथलेच, आणि मराठी सगळ्यांच्या मध्ये. धाव काढताना समोरच्याला बोलवायचं तर कोणी ‘ये ये’ म्हणायचा, कोणी ‘रा रा’, कोणी ‘बा बा’, कोणी ‘आ आ’. धावबाद झाला तर चारही भाषांतल्या शिव्या एकमेकांना पाठ. पूर्व भागातल्या एकेका खोलीत माग, चूल आणि अंथरूण एकत्र असायचं. तिथल्या पोराला सोलापुरी चादरीच्या धुरळ्यातून बाहेर यायचं तर गल्ली होती, नाहीतर मग पायपीट करून पार्क किंवा होम मैदान गाठायचं. घरातून जवळ नसतानाही ती पोरं यायची.

गिरण्यांबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. मुरारजी गोकुळदासांची जुनी मिल १८७० च्या दशकातली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर शहराचं घड्याळ चालायचं. पहिली पाळी सुटली की संध्याकाळच्या उजेडाचे दोन-अडीच तास कामगाराच्या हाताशी लागायचे, आणि ते तालमीत, नाहीतर मैदानावर जायचे. पाणीवेस, पत्रा तालीम ही नावं आज मंडळांच्या मिरवणुकीत ऐकू येतात, पण मुळात ती हौद्यातल्या लाल मातीची नावं. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात, आणि अंगाला लागली तर जखम भरावी अशी तिची ख्याती. म्हणजे शहरात दोन माती होत्या. तालमीतली लाल, निगुतीनं मुरवलेली, आणि मैदानावरची काळी, आपल्या स्वभावानं वागणारी. लालीत कुस्ती, काळीवर बाकी सगळं.

खेळ मातीवर ठरतो, असं मला वाटतं. रग्बीचंच बघा. १८७२ च्या नाताळात कलकत्त्याच्या गोऱ्यांनी रग्बीचा सामना खेळला आणि मग क्लब काढला. पाच-सहा वर्षांत तो बंद पडला. माणसं पोलो आणि टेनिसकडं वळली, हवामान मानवेना, आणि एकमेकांना जमिनीवर आपटण्याचा हा खेळ ओल्या मऊ हिरवळीचा, तो इथल्या भाजलेल्या भुईवर कसा टिकावा? क्लबाच्या खात्यात उरलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा एक करंडक घडवला, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. मैदान गेलं, रुपयांचा कप झाला आणि तो सातासमुद्रापार अजून जिवंत आहे. आमच्या काळ्या भुईवर रग्बीचा लांबट चेंडू टप्पे खात गेला नाही याचं मला काही वाटत नाही. याच भुईवर खो-खो होता, हुतूतू होता. भाजलेल्या कठीण जमिनीवर कमीत कमी सामानात खेळता येतील असे हे खेळ आपल्या माणसांनी घडवले आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं गेल्या शतकाच्या सुरुवातीला त्यांना नियमांत बसवलं.

क्रिकेट बाहेरून आलं, पण या मातीशी त्याचं चांगलं जमलं. काळी माती पाणी धरते, दाबली की गच्च बसते, आणि वाळताना तडकते. अशा पट्टीवर चेंडू गुडघ्यापर्यंत येतो, थांबून येतो, आणि दुपारनंतर वळतो. मुंबईच्या वानखेडेवरच्या लाल मातीची उसळी इथं मिळत नाही. इथं फलंदाजाला थांबावं लागतं.

पार्कवर पट्टी करणारे एक मामा मला आठवतात. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. संध्याकाळी ते पट्टीवर पाणी सोडायचे, झारीनं, कडेकडेनं, मध्ये डबकं होऊ न देता. वरून ओलं गोणपाट. सकाळी आम्ही सरावाला पोचायच्या आधी ते येऊन उकिडवे बसलेले असायचे. गोणपाट उचलून अंगठा मातीत दाबायचे. अंगठ्याला माती चिकटली तर पुन्हा झाकायचे. कोणी क्रिकेटवाला पोरगा घाई करायला लागला की म्हणायचे, “माती पाणी पिऊलालीय, थांब की जरा.” मग एकदा केव्हातरी अंगठ्याचा ठसा नुसता उमटायचा, चिकटायचा नाही. मामा म्हणायचे, वापसा आला. पेरणीच्या वेळी शेतकरी म्हणतो तोच वापसा. त्यानंतर रोलर. आधी हलका, दोघांनी ओढायचा, मग जड. रोलरला माती लागली तर ते थांबवायचे, लोखंड पुसायचे आणि पुन्हा सुरू. हे सगळं उजाडता उजाडता चालायचं, कारण ऊन चढलं की वापसा जातो आणि मग दिवसभर रोलर फिरवला तरी माती ऐकत नाही. ते गावाकडून आलेले होते. जमीन कोरडवाहू, पाऊस नाही, म्हणून शहरात. शेतात जे शिकले ते त्यांनी बावीस यार्डांत वापरलं. त्यांची पट्टी कधी उखडलेली मी पाहिली नाही. मांडवाचे खांब मात्र त्यांनाही अडवता आले नाहीत.

या मातीचा पहिला मोठा माणूस पॉली उम्रीगर. पहलन रतनजी उम्रीगर, जन्म २८ मार्च १९२६, सोलापूर. वडिलांचा कापडाचा व्यवसाय. पॉली शाळकरी वयातच मुंबईला गेले, पुढं सेंट झेवियर्स कॉलेज, पारशी जिमखाना. त्यामुळं पार्कनं त्यांना घडवलं असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण कापसाच्या गावात कापडवाल्याच्या घरी जन्मलेल्या या मुलानं १९५५ साली हैदराबादच्या फतेह मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारे ते पहिले भारतीय. आपल्याच रेल्वे लाइनवर, थोडं पुढं जाऊन. १९६२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वेस्ट इंडीजच्या वेस हॉल आणि कंपनीसमोर भारत हरला, पण त्या एकाच कसोटीत उम्रीगरांनी ५६ आणि नाबाद १७२ धावा केल्या आणि एका डावात पाच बळीही घेतले. ५९ कसोटी, ३६३१ धावा, १२ शतकं. ते निवृत्त झाले तेव्हा भारतासाठी सगळ्यात जास्त कसोट्या, सगळ्यात जास्त धावा, सगळ्यात जास्त शतकं त्यांच्याच नावावर होती. आज भारताच्या वर्षातल्या सर्वोत्तम क्रिकेटपटूला बीसीसीआय जो पुरस्कार देतं तो पॉली उम्रीगर यांच्या नावाचा. तेंडुलकर, कोहली, बुमराह यांच्या हाती तो गेला. टीव्हीवर तो सोहळा चालू असतो तेव्हा मी घरच्या पोरांना हटकून सांगते, हा आपल्या गावचा.

उम्रीगर गेले ते गेलेच. नंतरही जो बरा खेळायचा तो पुण्याला किंवा मुंबईला जायचा, कारण इथं चांगली पट्टी नव्हती, चांगले सामने नव्हते. शहर उतरणीला लागलं होतं. जुनी मिल बंद झाली, मग एकेक करून बाकीच्या. गिरण्यांच्या आवारांत वसाहती उभ्या राहिल्या. भोंगा थांबला तशी मैदानावरची संध्याकाळची वेळही विस्कटली. पाळीच नाही तर सुटणार कोण? पार्कवर सभा वाढल्या, प्रदर्शनं वाढली. रणजीचे सामने तर यायचेच थांबले.

२०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, नवव्या क्रमांकावर. त्या पैशांतून पार्कचं रूप पालटलं. काळ्या भुईवर हिरवळ आली, पट्ट्या नव्यानं बांधल्या. काम रेंगाळलं, लोक चिडले, पण झालं. आणि २०२४ च्या जानेवारीत, जवळपास तीन दशकांनी, रणजी सामना सोलापुरात आला. महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर, ५ तारखेपासून. गड्ड्याची तयारी होम मैदानावर सुरू झालेली, पाळण्यांचे लोखंडी सांगाडे उभे राहत होते, आणि इकडं केदार जाधव महाराष्ट्राची टीम घेऊन पार्कवर उतरला. मी गेले होते. पायऱ्या भरलेल्या. शाळेचे गणवेश, पांढऱ्या टोप्या, डबे घेऊन आलेले निवृत्त लोक. एक आजोबा शेजारच्या नातवाला सांगत होते की मागच्या वेळी तुझा बाप एवढा होता. मणिपूर १३७, महाराष्ट्र ३२०, मणिपूर ११४. डावानं विजय. एकतर्फी सामना, पण तिथं कोणाला त्याची फिकीर नव्हती. प्रत्येक चौकाराला पार्क दणाणत होतं.

महिन्याभरात गतविजेता सौराष्ट्र आला, आणि तो सामना खरा या मातीचा. २०२, १५९, १६४, १५९. चारही डावांत मिळून सातशेही झाल्या नाहीत. हिरवळीखाली माती तीच आहे, हे तेव्हा पटलं. चेंडू थांबून येत होता, वळत होता, फलंदाज पुढं यावं की मागं राहावं या विचारात बाद होत होते. महाराष्ट्र ४८ धावांनी हरला. मी हळहळले, पण मनातून एक समाधानही होतं. मामा असते तर त्यांनी अंगठा दाबून सगळं आधीच सांगितलं असतं.

त्याच जानेवारीत सोलापूरचा अर्शीन कुलकर्णी दक्षिण आफ्रिकेत १९ वर्षांखालील विश्वचषक खेळत होता. अमेरिकेविरुद्ध त्यानं शतक केलं. घरच्या मैदानावर रणजी आणि घरचा मुलगा परदेशात भारताच्या जर्सीत. उम्रीगरांच्या जन्माला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षं होत आली होती. एवढा काळ या शहरानं वाट बघितली.

इथपर्यंत सगळं आनंदाचं आहे. माझी काळजी पुढची आहे. मैदान चांगलं झालं की त्याला जपावं लागतं, आणि जपायचं म्हटलं की पहिलं कुलूप पडतं ते रोज येणाऱ्यांवर. हिरवळीवर स्पाइक चालतात, अनवाणी पाय चालत नाहीत, असा काहीतरी न्याय सगळीकडं रुळत चालला आहे. राज्यात जिथं जिथं मातीचं मैदान जाऊन स्टेडियम आलं, तिथं गेटवर रखवालदार आला, वेळापत्रक आलं, फी आली. हे सगळं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पट्टी राखायची तर शिस्त हवीच. मामांनी आम्हाला पट्टीवर कधी पाय ठेवू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. पण त्यांनी कडेची जागा आमच्यासाठी सोडलेली होती. पट्टीला पाणी मारून झालं की उरलेलं पाणी ते न सांगता आमच्या चौकोनावर मारायचे.

आणि खेळाडू कुठून येतात तेही बघावं. किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. आधी भाला आणि गोळा फेकायची. २०२२ साली नागालँडकडून खेळताना तिनं टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा काढल्या. तोपर्यंत कुठल्याही भारतीयानं, पुरुषानं किंवा बाईनं, या प्रकारात दीडशेचा आकडा गाठला नव्हता. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. रामजी कश्यप वेळापूरचा, तोही माळशिरस तालुक्यातला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारतानं अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, त्या संघात तो होता. योगायोग असा की दिल्लीतल्या त्या सभागृहाचं नावही इंदिरा गांधींचंच. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख २०१८ चा महाराष्ट्र केसरी. यांतलं कोणीही स्टेडियममध्ये वाढलेलं नाही. ही सगळी उघड्या मातीतून वर आली, ज्या मातीला गेट नव्हतं. किरणनं भाला फेकला त्या माळाला कोणी कुलूप लावलं असतं तर?

वेळापूरला, मिऱ्याला माळ आहेत. शहरातल्या पोरीला माळ कुठला? पूर्व भागातली, नई जिंदगीतली, विडी घरकुलातली मुलगी. आई विड्या वळते, बाप मागावर. या मुली आजही शाळांच्या पटांगणांत खो-खो खेळतात, जिल्ह्याच्या स्पर्धांत पदकं नेतात, आणि दहावीनंतर खेळ सोडतात, कारण शाळा सुटली की खेळायची जागा सुटते. कुमठे नाक्याला जिल्हा क्रीडा संकुल आहे, नेहरूनगरला शासकीय मैदान आहे. ती दोन्ही चांगलीच, पण संध्याकाळी एकटीनं तिकडं जायला घरचे परवानगी देतात का, हे त्या मुलींना विचारावं. पार्क मध्यावर आहे, रस्त्यावर वर्दळ आहे, दिवे आहेत, रिक्षा मिळते. आईबाप पार्कवर पाठवतील.

त्यामुळं माझं म्हणणं अगदी छोटं आहे. रणजी येऊ द्या, दर वर्षी येऊ द्या, पट्टी मामांच्या तोडीची राहू द्या. मांडव, प्रदर्शनं आणि सभा यांना पार्कवर एकही खांब रोवू देऊ नका, शहरात त्यांच्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. आणि सीमारेषेच्या बाहेर, एखाद्या स्टँडच्या कडेला, हिरवळ काढून काळी माती उघडी ठेवा. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद असतं. मोकळी कड धरली तरी पार्कच्या एका कोपऱ्यात ते बसतं. त्याला दोन लाकडी खांब, थोडी फक्की आणि एक नळ लागतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात, फी न घेता, मुलींसाठी. त्या बाजूचं गेट वेगळं ठेवता येईल, म्हणजे क्रिकेटच्या पट्टीला कोणाचा पाय लागणार नाही. महापालिकेच्या एका ठरावात होण्यासारखं काम आहे हे.